आश्रय मिळाल्यानंतर मायदेशी जायचे असेल तर: अमेरिकेतील नव्या आश्रयप्राप्तांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत आश्रय मंजूर झाल्याचे पत्र हाती आल्यावर पहिले काही महिने नोकरी, भाड्याचे घर आणि सरकारी कागद यांत निघून जातात. मग एखाद्या रात्री फोन येतो: आईला रुग्णालयात दाखल केले आहे, धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आहे, किंवा वाटणीपत्रावर सही करायला कुणीतरी समक्ष यायला हवे आहे. तिकीट काढावे की नाही, या प्रश्नावर ओळखीची माणसे दोन टोकांची उत्तरे देतात. एक जण म्हणतो, "आमच्यातला एक जाऊन आला, काही झाले नाही." दुसरा म्हणतो, "गेलात की आश्रय संपला." दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. मायदेशी पाऊल ठेवताक्षणी आश्रय आपोआप रद्द होतो असे अमेरिकेचा कायदा म्हणत नाही. परंतु परत गेल्यास आपला छळ होईल असे ज्याने शपथेवर लिहून दिले, तोच माणूस तिकडे राहून सुखरूप परतला, ही गोष्ट त्याच्या नोंदींत कायमची राहते आणि पुढे कोणत्याही टप्प्यावर तिचा जाब विचारला जाऊ शकतो. तो प्रवास तुमच्याच निवेदनाविरुद्धचा पुरावा ठरू शकतो, हे लक्षात ठेवून पुढील पायऱ्या वाचाव्यात. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या प्रकरणातला निर्णय तुमची फाइल वाचलेल्या वकिलाशी बोलूनच घ्यावा.

पहिली पायरी: आपला दर्जा नेमका कोणता, ते कागदावरून ठरवा

बोलण्यात सगळे जण "मला असायलम आहे" एवढेच म्हणतात, पण या एका वाक्यामागे चार निरनिराळ्या अवस्था असू शकतात आणि प्रत्येकीतला धोका वेगळा असतो.

ज्यांचा आय-५८९ हा आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित आहे, ते अर्जदार आहेत, आश्रयप्राप्त नव्हेत. अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येऊ देण्याची सरकारची आगाऊ परवानगी, न घेता त्यांनी देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे नियमानुसार गृहीत धरले जाते. अॅडव्हान्स पॅरोल घेऊनही, ज्या देशात छळ झाल्याचे सांगितले त्याच देशात ते गेले, तरी अर्ज सोडून दिल्याचेच गृहीत धरतात आणि परतण्यामागे अत्यंत निकडीची कारणे होती हे अर्जदाराला दाखवावे लागते. या अवस्थेत मायदेशी न जाणे हाच माझा सल्ला आहे.

दुसरी अवस्था फसवी असते. काही जणांना न्यायाधीशाने आश्रय दिलेला नसतो, तर "विथहोल्डिंग ऑफ रिमूव्हल" दिलेले असते, म्हणजे हद्दपारीचा आदेश निघालेला असतो आणि एका विशिष्ट देशात पाठवण्यापुरता तो रोखलेला असतो. काम करण्याचा परवाना मिळत असल्यामुळे हा माणूस स्वतःला आश्रयप्राप्तच समजतो. मात्र त्याने अमेरिका सोडली की तो हद्दपारीचा आदेश त्याने स्वतःच अमलात आणला असे होते आणि परतीचा मार्ग बंद होतो. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशात कोणत्या चौकटीत खूण केली आहे, ते डोळ्यांनी पाहा. कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

तिसरी अवस्था आश्रयप्राप्ताची, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. चौथी, आश्रयाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळालेल्याची. तिचा विचार शेवटाकडे केला आहे.

दुसरी पायरी: आश्रय कशामुळे काढून घेतला जातो, ते समजून घ्या

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २०८ मध्ये आश्रय समाप्त करण्याची कारणे दिली आहेत. त्यांपैकी मायदेशाच्या प्रवासाशी थेट संबंध असलेले कारण असे आहे की, त्या व्यक्तीने स्वखुशीने आपल्या राष्ट्राचे संरक्षण पुन्हा स्वीकारले आणि तेथे कायम रहिवाशाच्या हक्कांसह, किंवा तसे हक्क मिळण्याच्या वाजवी शक्यतेसह, ती परतली. शब्द नीट वाचले तर हे कारण बरेच अरुंद आहे. दहा दिवस आईच्या उशाशी बसून आलेल्या मुलाला ते सहजासहजी लागू पडत नाही.

पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, कारण हाच प्रवास आणखी दोन दारांनी आत येतो. एक दार "परिस्थितीत मूलभूत बदल" या कारणाचे. तुम्ही गेलात, राहिलात, परत आलात, याचा अर्थ भीतीचे कारण आता उरलेले नाही, असा युक्तिवाद करता येतो. दुसरे दार फसवणुकीचे, आणि माझ्या मते खरी भीती त्याचीच धरावी. मंजुरीच्या वेळी ही व्यक्ती पात्रच नव्हती, अर्जातली हकिगत बनावट होती, असे सरकारला दाखवायचे असेल, तर मायदेशातले निवांत वास्तव्य हा त्यासाठी हाताशी येणारा पुरावा असतो. फसवणूक सिद्ध झाली तर केवळ आश्रय जात नाही. पुढचे जवळजवळ सगळे इमिग्रेशन लाभ अडचणीत येतात.

प्रक्रियेची थोडी माहिती असू द्यावी. यूएससीआयएसने, म्हणजे आश्रय, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याने, दिलेला आश्रय काढून घ्यायचा असेल, तर आधी समाप्तीच्या इराद्याची नोटीस येते आणि मुलाखतीपूर्वी किमान ३० दिवसांचा अवधी मिळतो. आश्रय इमिग्रेशन न्यायाधीशाने दिला असेल, तर प्रकरण न्यायालयात पुन्हा उघडावे लागते. न्यायालयात पुराव्याचा भार सरकारवर असतो. मात्र गुन्हेगारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, पारडे सरकारच्या बाजूला झुकले तरी पुरते. नोटीस आली तर मुदत मोजायला लागा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारातही संरक्षण संपुष्टात येण्याची कारणे आहेत. अमेरिका त्या मूळ करारात नसली, तरी १९६७ चा त्याला जोडलेला प्रोटोकॉल तिने १९६८ मध्ये स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची मार्गदर्शक पुस्तिका तीन गोष्टी तपासायला सांगते: कृती स्वेच्छेने केली का, मायदेशाचे संरक्षण पुन्हा घेण्याचा हेतू होता का, आणि ते संरक्षण प्रत्यक्षात मिळाले का. वृद्ध किंवा आजारी आईवडिलांना भेटायला जाणे आणि सुट्टीसाठी किंवा धंद्याचे संबंध जोडण्यासाठी वारंवार जाणे, यांत ती पुस्तिका स्पष्ट फरक करते. अमेरिकी अधिकाऱ्यांवर ती बंधनकारक नाही, पण तुमची बाजू मांडताना वकिलाला तिचा उपयोग होतो.

तिसरी पायरी: स्वतःचा जुना अर्ज पुन्हा वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आय-५८९ भरून झाल्यावर कित्येकांनी तो पुन्हा उघडूनही पाहिलेला नसतो; दुभाष्याच्या मदतीने इंग्रजीत काय लिहिले गेले, हेही धड आठवत नसते. मायदेशी जाण्याचा विचार मनात आला, की आधी ती प्रत काढा. तुमच्याजवळ किंवा वकिलाकडे नसेल, तर माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली आपल्या ए-नंबरच्या (इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेल्या ओळख क्रमांकाच्या) फाइलची प्रत यूएससीआयएसकडून मागवता येते.

वाचताना तीन प्रश्न समोर ठेवा. भीती कोणाची होती? सरकारची, पोलिसांची, लष्कराची, की एखाद्या पक्षाच्या स्थानिक गुंडांची, सासरच्या माणसांची, जातपंचायतीसारख्या खासगी सत्तेची? भीती कुठे होती, संपूर्ण देशात की एका जिल्ह्यात? आणि "देशात दुसरीकडे जाऊन का राहिला नाहीत" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले होते?

समजा, एका बाईंनी लिहून दिले आहे की गावातल्या एका गटाने त्यांच्यावर हल्ला केला, पोलिसांनी तक्रार घेतली नाही, आणि देशात कुठेही गेले तरी तो गट मला शोधून काढेल. आता त्याच बाई राजधानीच्या शहरातल्या रुग्णालयात आईजवळ आठ दिवस राहून, गावाकडे न फिरकता परतल्या. सरकारकडून छळ झाल्याचे सांगणाऱ्या माणसाच्या तुलनेत त्यांची बाजू मजबूत आहे, कारण विमानतळावर पासपोर्ट दाखवणे म्हणजे त्यांना छळणाऱ्याच्या हाती सापडणे नव्हे. तरीही "देशात कुठेही" या दोन शब्दांचे स्पष्टीकरण त्यांना द्यावेच लागेल. याउलट, सरकार आपल्याला अटक करील असे ज्याने लिहिले आहे, तो त्याच सरकारच्या विमानतळावर त्याच सरकारचा शिक्का घेऊन आत गेला आणि बाहेर पडला, तर समजावून सांगण्यासारखे फारच थोडे उरते.

चौथी पायरी: मायदेशाच्या पासपोर्टला हात लावण्यापूर्वी थांबा

जुना पासपोर्ट ओळखीचा पुरावा म्हणून कपाटात असणे ही वेगळी गोष्ट आहे आणि वाणिज्य दूतावासात जाऊन तो नूतनीकरण करून घेणे ही वेगळी. नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे ज्या सरकारपासून, किंवा ज्या सरकारने संरक्षण दिले नाही म्हणून, तुम्ही पळून आलात, त्याच सरकारकडे संरक्षणाची मागणी, असा अर्थ लावला जाऊ शकतो. त्या पासपोर्टवर प्रवास केला तर हा अर्थ अधिकच पक्का होतो, मग प्रवास तिसऱ्याच देशाचा का असेना.

इथे एक गाठ आहे आणि ती सुटत नाही. मायदेशी शिरायचे तर त्या देशाचा पासपोर्ट तरी लागतो, किंवा अमेरिकेच्या प्रवासपत्रावर त्याच देशाचा व्हिसा तरी. दोन्ही वाटा त्या सरकारच्या खिडकीशीच जातात. व्हिसाची वाट कागदावर थोडी बरी दिसते एवढेच. शिवाय असा अर्ज करताना आपण अमेरिकेत आश्रय घेतला आहे हे आपणहून त्या सरकारला कळवले जाते, आणि त्याचा त्रास मागे राहिलेल्या नातेवाइकांना होऊ शकतो.

पाचवी पायरी: प्रवासपत्र निघण्यापूर्वीच घ्या

आश्रयप्राप्ताने अमेरिकेबाहेर कुठेही जायचे असेल, तर परत येण्यासाठी रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे निर्वासितांचे प्रवासपत्र, जवळ असायला हवे. ही पासपोर्टसारखी पुस्तिका असते, तिच्यासाठी आय-१३१ हा फॉर्म भरावा लागतो, ती एक वर्ष चालते आणि तिची मुदत वाढवून मिळत नाही. अर्ज देश सोडण्यापूर्वी करायचा असतो आणि बोटांचे ठसे अमेरिकेतच द्यावे लागतात. परदेशातून अर्ज करण्याची सोय आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आणि बाहेर पडून एक वर्ष होण्याच्या आतच. तिच्या भरवशावर विमानात बसू नये. पुस्तिका यायला महिने लागू शकतात. खरोखर आणीबाणी असेल, तर रुग्णालयाची कागदपत्रे जोडून अर्ज तातडीने निकालात काढण्याची विनंती यूएससीआयएसकडे करता येते. शुल्क वेळोवेळी बदलते, ते अर्जाच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर पाहूनच भरावे.

आय-१३१ सावकाश वाचा. त्यात निर्वासित आणि आश्रयप्राप्त यांच्यासाठी एक वेगळा भाग आहे. ज्या देशातून आश्रय घेतला तिथे जाण्याचा बेत आहे का, असे तो सरळ विचारतो. दर्जा मिळाल्यापासून तुम्ही तिथे परतला होता का, तिथल्या पासपोर्टसाठी, त्याच्या नूतनीकरणासाठी किंवा प्रवेश परवान्यासाठी अर्ज केला होता का, आरोग्य विम्यासारखा काही लाभ त्या देशाकडून घेतला का, असेही प्रश्न त्यात आहेत. एकालाही उत्तर "होय" असेल तर स्वतंत्र कागदावर खुलासा जोडावा लागतो. मायदेशीची भेट धोक्याची का मानतात, हे या चार-पाच ओळींवरून जितके कळते तितके कुणाच्या भाषणाने कळणार नाही. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: प्रवासपत्र मिळाले म्हणजे मायदेशी जाण्याची परवानगी मिळाली, असे अजिबात नाही.

सहावी पायरी: तिसऱ्या देशात भेटता येईल का, ते पाहा

आईवडील प्रवास करण्याइतके धडधाकट असतील, तर भेट तिसऱ्या देशात ठरवणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. खर्च जास्त येतो आणि घरची माणसे रुसतात, हे खरे. पण त्या भेटीचे स्पष्टीकरण कुणाला द्यावे लागत नाही. देश निवडताना दोन गोष्टी तपासा. तुमच्या मायदेशाच्या पासपोर्टवर जिथे व्हिसा लागत नाही, तिथे निर्वासितांच्या प्रवासपत्रावर तो लागू शकतो. तेव्हा त्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला लेखी विचारा. आणि वाटेत विमान बदलायचे असेल, तर त्या विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही पाहा. शिवाय ग्रीन कार्डसाठी आश्रय मिळाल्यानंतर अमेरिकेत प्रत्यक्ष एक वर्षाचे वास्तव्य लागते, त्यात बाहेर घालवलेले दिवस धरले जात नाहीत.

सातवी पायरी: जावेच लागले तर

वकिलाशी बोलून, धोका समजून घेऊनही जाण्याचे ठरले, तर त्या प्रवासाचे कारण, अवधी आणि वागणूक या तिन्ही गोष्टी अर्जातल्या भीतीशी सुसंगत राहिल्या पाहिजेत. शेवटचा आजार, अंत्यविधी, अल्पवयीन मुलाला घेऊन येणे ही कारणे समजण्यासारखी असतात. लग्न, सण, घरबांधणी, धंद्याची बोलणी यांचे तसे नाही, मग मनाला ती कितीही निकडीची वाटोत.

निघण्यापूर्वीच पुरावा जमवायला घ्या, कारण नंतर तो मिळत नाही: तारीख असलेले डॉक्टरांचे पत्र, रुग्णालयाची कागदपत्रे, मृत्यूचा दाखला, जाण्यायेण्याचे तिकीट. जितके थोडे दिवस तितके बरे. जिथे हल्ला झाला त्या भागात जाऊ नका, मुक्कामाची जागा मोजक्या लोकांनाच कळू द्या, आणि सुरक्षेसाठी काय काय केले याची रोजची दोन ओळींची नोंद ठेवा. समारंभातली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका. लपून राहिलो असे सांगणाऱ्या माणसाचे हारतुऱ्यांसह छायाचित्र सापडले, तर पुढची सगळी कागदपत्रे फिकी पडतात. ज्या धोक्यामुळे देश सोडला तो तिथे अजूनही असू शकतो, हा विचार कायद्याच्या गडबडीत मागे पडतो. तसे होऊ देऊ नका.

आठवी पायरी: परतताना आणि त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत

अमेरिकेच्या विमानतळावर सीबीपीचा, म्हणजे सीमाशुल्क व सीमासुरक्षा खात्याचा, अधिकारी प्रवासपत्र उघडतो, पाने उलटतो आणि एका शिक्क्यावर बोट ठेवून विचारतो: इथे कशासाठी गेला होता, किती दिवस, कोणाकडे उतरला होता, कोणत्या पासपोर्टवर शिरला? तुम्हाला दुसऱ्या खोलीत बसवून हेच पुन्हा विचारले जाऊ शकते. उत्तरे थोडक्यात, खरी आणि दर वेळी तीच द्या; कागदांच्या प्रती सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा.

तिसऱ्या देशातून वळसा घालून मायदेशी जाण्याची युक्ती काही जण सुचवतात. विमान कंपन्या प्रवाशांची माहिती अमेरिकेला आगाऊ पाठवतात, आणि मायदेशाचा पासपोर्ट वापरला असेल तर त्यावर शिक्के असतातच. लपवालपवी उघड झाली, तर मूळ प्रवासापेक्षा ती जड जाते: महत्त्वाच्या बाबतीत खोटे सांगून इमिग्रेशनचा लाभ घेणे किंवा घेऊ पाहणे हे स्वतंत्रपणे अपात्र ठरवणारे कारण आहे.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर धोका बराच कमी होतो, संपत नाही. मूळ आश्रय फसवणुकीने मिळवला असा संशय आला, तर ग्रीन कार्डचाही पाया हलतो. आश्रयप्राप्ताचे ग्रीन कार्ड मंजुरीच्या एक वर्ष आधीच्या तारखेपासून धरले जाते, त्यामुळे नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज प्रत्यक्षात चार वर्षांनंतर करता येतो. म्हणून ज्यांना थांबणे शक्य आहे, त्यांनी नागरिकत्व होईपर्यंत मायदेशीचा प्रवास पुढे ढकलावा, असे मी सांगेन. भारतीयांनी एवढे ध्यानात ठेवावे की भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. अमेरिकी नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि पुढचा प्रवास व्हिसावर किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या) कार्डावर होतो.

कुटुंबाचाही विचार करा. मुख्य अर्जदाराचा आश्रय समाप्त झाला, तर त्याच्या आधारे दर्जा मिळालेल्या पतीपत्नीचा आणि मुलांचा आश्रयही समाप्त होतो. पत्नीच्या नावाने स्वतंत्र भीती नोंदलेली नसली, तरी ती दरवर्षी मुलांना घेऊन माहेरी जाते हे दिसल्यावर प्रश्न नवऱ्याच्या हकिगतीविषयी निघू शकतात. तेव्हा जाण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नये.

सल्ल्यासाठी माणूस निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. अर्ज भरून देणारा ट्रॅव्हल एजंट, नोटरी किंवा "कन्सल्टंट" हा वकील नसतो. परवाना असलेला इमिग्रेशन वकील, किंवा अमेरिकेच्या न्याय विभागाने मान्यता दिलेल्या संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी, या दोघांनाच असा सल्ला देता येतो. इमिग्रेशन न्यायालये विनामूल्य मदत करणाऱ्यांची यादीही प्रसिद्ध करतात.

हे वाचण्यापूर्वीच जे जाऊन आले आहेत, त्यांनी घाबरून पासपोर्ट फाडू नये किंवा हरवल्याचे सांगू नये. तारखा, तिकिटे आणि कारणाचे कागद एका पाकिटात ठेवावेत, आणि ग्रीन कार्डचा, नव्या प्रवासपत्राचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी ते पाकीट आणि आय-५८९ ची प्रत घेऊन वकिलाकडे जावे. एन-४०० मध्ये गेल्या पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्या तारखांसह लिहाव्या लागतात. ती यादी पासपोर्टमधल्या शिक्क्यांशी ओळीने ताडून मगच सही करावी.